ताट रिकामे परत जाऊ नये

आगमनकाळाचा दुसरा रविवार सरला की गिरगाव-दादरच्या ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो : यंदा ताटे किती? प्रश्न गृहिणीच्या हिशेबाचा आहे. मैदा किती आणावा, नारळ किती फोडावेत, अंडी किती डझन सांगून ठेवावीत, हे त्या आकड्यावर ठरते. परंतु आकड्यामागे माणसांची एक यादी असते. ती कशी तयार होते, तिच्यात कोण असते आणि कोण नसते, हा विचार अलीकडे आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. नाताळचे ताट हे दान आहे की देणेघेणे, असा तो प्रश्न आहे. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

ताटात काय असते हे वाचकांना सांगायला नको. ईस्ट इंडियन घरात न्युऱ्या, कुलकुल, थाळी, मिल्क क्रीम. गोव्याकडच्या घरात नेवऱ्यो, दोदोल, पेराद, बेबिंका. न्युरीची करंजीशी आणि कुलकुलाची शंकरपाळ्याशी असलेली सोयरीक एवढी उघड आहे की वाडीतल्या हिंदू शेजारणीला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र ह्या पंगतीत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. माणसाच्या, ताऱ्याच्या, झाडाच्या आकाराचे, तपकिरी रंगाचे, पांढऱ्या साखरेच्या रेघांनी सजवलेले आल्याचे बिस्कीट, म्हणजेच जिंजरब्रेड. घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या, साचे सहज मिळू लागले, आणि मुलांनी चित्रांत पाहिलेली ती बिस्किटे आईकडे मागितली. ‘हे आपले नव्हे, साहेबाचे’, असे म्हणून नाक मुरडणारेही आमच्यात आहेत.

त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करतो. ‘जिंजर’ हा इंग्रजी शब्द लॅटिन आणि ग्रीक भाषांच्या वाटेने मागे मागे नेला तर तो आपल्या ‘शृंगवेर’ ह्या जुन्या शब्दापाशी येऊन थांबतो. आले इथले, मलबारच्या किनाऱ्यावरून ते अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिमेकडे गेले आणि युरोपात इतके महाग झाले की मसाल्याचे गोड पदार्थ सणासुदीसाठीच राखून ठेवावे लागले. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अशा मसालेदार लेबकुखेनचे कारागीर एवढे वाढले की १६४३ साली त्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. आता दुसऱ्या बाजूने पाहा. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला जन्माचे कीर्तन संपले की हातावर काय पडते? सुंठवडा. आमच्या आगमनकाळाच्या आसपासच मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती येते, तेव्हाही तोच प्रसाद. घरी बाळंतीण असली की तिच्या खाण्यातही सुंठ आलीच. मराठी माणसाच्या जिभेला जन्म आणि सुंठ ह्यांचे नाते कोणी शिकवावे लागत नाही. मग बेथलेहेमच्या बाळाच्या जन्मदिवशी लालबागच्या मसाला बाजारातून आणलेली सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ कणकेत मिसळणारी बाई परक्या देशाची नक्कल करते असे कसे म्हणावे? परदेशी मळी न मिळाल्यास ती कोल्हापुरी काकवी घालते आणि बिस्कीट बिघडत नाही; आमच्या मते सुधारतेच.

भाजण्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत भट्टी कुठून असणार? दिवाळीच्या आधी हिंदू घरांतली बायामुले मैदा, तूप, साखर घेऊन जवळच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. पुढे नाताळ आला की ख्रिस्ती घरांतून केकची भांडी आणि बिस्किटांचे पत्रे त्याच भट्टीकडे निघत. बेकरीवाला बहुधा इराणी किंवा मुसलमान असे. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून खूण करावी लागे आणि आपली पाळी येईपर्यंत ताटकळावे लागे. त्या ताटकळण्यात कोणाकडे काय शिजते आहे, कोणाकडे काही शिजत नाही, हे सर्वांना आपोआप कळे. ह्या भट्ट्यांना आता उतरती कळा लागली आहे. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला. हवेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु घरातल्या भट्टीपुढे रांग लागत नाही, एवढे नोंदवून ठेवावेसे वाटते.

आता ताटाकडे वळू. नाताळच्या आदल्या दिवशी किंवा मिस्साहून परतल्यावर क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन मुले शेजारी जातात. शेजारीण ताट घेते, पदार्थ काढून ठेवते आणि ताट धुऊन परत करते. मात्र रिकामे परत करीत नाही. रिकामे भांडे परत देऊ नये, हा मराठी घराचा जुना दंडक आहे. घरात असेल ते त्यात घालायचे : दोन लाडू, चार केळी, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. दिवाळीला हाच क्रम उलट्या दिशेने चालतो. शेजारून चकल्या-करंज्यांचे ताट आमच्या घरी येते आणि आम्ही त्यात काहीबाही घालून ते परत पाठवितो.

ह्या चालीरीतीला आपण शेजारधर्म म्हणतो आणि तिचे कौतुक करतो. नेमके इथेच शुभवर्तमान आपल्याला अडविते. संत लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू शब्बाथाच्या दिवशी एका प्रमुख परूशाच्या घरी जेवायला गेलेला आहे. तिथे तो यजमानाला असे काही सांगतो की पंगतीत कोणाच्या घशाखाली घास उतरला असेल की नाही, कोण जाणे. मित्र, भाऊ, नातलग, श्रीमंत शेजारी ह्यांना बोलावू नकोस, कारण ते उलट तुला बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. गरीब, लंगडे, आंधळे ह्यांना बोलाव, त्यांच्यापाशी फेडायला काही नाही, ह्यातच तुझे धन्यत्व आहे. ‘श्रीमंत शेजारी’ हे शब्द वाचताना आम्ही स्वतःला वगळून पुढे जातो. पण आमच्या ताटांची यादी त्या वचनापुढे धरली तर काय दिसेल? ज्यांच्याकडून फराळ आला त्यांच्याकडे ताट, ज्यांच्याकडून येत नाही त्यांच्याकडे नाही. हिशेब चोख आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे तेही ह्याच दिशेचे : जो परतफेड करणार नाही त्याला, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेले दान ते सात्त्विक, प्रत्युपकाराच्या आशेने दिलेले ते राजस. दोन निरनिराळ्या परंपरांतून एकच कसोटी पुढे येते तेव्हा ती टाळता येत नाही. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या देणगीवरील निबंधात जगभरच्या समाजांची उदाहरणे घेऊन, महाभारताचे अनुशासनपर्वही त्यात धरून, असे मांडले की भेट कधीच निव्वळ ऐच्छिक नसते. देणे, घेणे आणि परत देणे ही तीनही बंधने तिच्यात गुंफलेली असतात. मॉसचे म्हणणे खरे मानले तर आमचे ताट राजस ठरते आणि परूशाच्या पंगतीत जाऊन बसते. मग ते बंद करावे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. पण कारण सांगण्यापूर्वी एक कठीण उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. परळ-लालबागच्या चाळींत त्या वर्षी नोव्हेंबरात दिवाळी आली तेव्हा दहा महिने पगार नव्हता. ज्या घरात तेलाचा डबाच उघडला गेला नाही तिथून शेजारी फराळ कसा जाणार? आणि पुढे सव्वा महिन्याने नाताळचे ताट त्याच दारात उभे राहिले तर ते त्या घरातल्या बाईला काय म्हणेल? पाठविणाऱ्याच्या मनात माया आहे, पण घेणारीला ते ताट आठवण करून देते की ह्या दिवाळीला तुझ्याकडून आले नव्हते. तिला मिंधे वाटते. पुढल्या खेपेस ताट येण्याच्या वेळी ती दार लोटून घेते. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना अशी लोटलेली दारे निराळी दाखवावी लागणार नाहीत. म्हणजे परतफेडीच्या बंधनातून फेडू न शकणारा माणूस जसा वगळला जातो तसाच ‘फेडू नकोस’ असे म्हणणाऱ्या दानातूनही तो दुखावतो. प्रभूच्या वचनातील गरीब पाहुण्याला त्या पंगतीत काय वाटले असेल, हा विचार आपण फारसा करीत नाही. त्यानेही मान वर करून जेवावे, अशीच यजमानाची इच्छा असावयास हवी ना?

इथे त्या चिमूटभर साखरेकडे आम्हांस पुन्हा वळावेसे वाटते. कुलकुल, केक, न्युऱ्यांनी भरलेल्या ताटाची चिमूटभर साखरेने फेड होते असे कोणीही हिशेबी माणूस म्हणणार नाही. तरीही आपल्या आज्यांनी ती पुरेशी मानली. ज्या रूढीत लाडू आणि साखरेची चिमूट ह्यांचे वजन सारखेच धरले जाते ती रूढी व्यापाराची असू शकत नाही. त्या साखरेचा अर्थ एवढाच की तुझे बोलणे आमच्यापर्यंत पोचले आणि हे आमचे उत्तर. प्रश्नाला उत्तर देणारा प्रश्नकर्त्याचा मिंधा नसतो. तो बोलण्यातला भागीदार असतो. प्रभूने निषेध केला तो फेड मोजून पाहुणे निवडण्याचा. उत्तर मिळू नये, असे त्याने कुठे म्हटल्याचे आम्हांस आढळत नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला तेव्हा बाकीचे नऊ कोठे आहेत, असे विचारणाराही तोच आहे.

रूढीचे बळ त्या साखरेत होते. आणि ते आम्ही आमच्याच हातांनी घालवीत आलो. ताट वाढत गेले. घरच्या चार पदार्थांत मार्झिपान आले, चॉकलेट आले, सुका मेवा आला. नंतर ताटच गेले आणि पुठ्ठ्याची पेटी आली : सोनेरी कागद, फीत, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक सजविलेले आल्याचे बिस्कीट. पेटी सुंदर असते ह्यात वाद नाही. पण पेटी परत करावयाची नसते. स्टीलचे ताट परत द्यावेच लागे, म्हणून दार दोनदा उघडे आणि दोन्ही वेळा दोन शब्द बोलले जात. पेटी एकदाच दारात येते, पुष्कळदा एखाद्या अनोळखी पोराच्या हाती. तिच्यात चिमूटभर साखर घालून ती परत पाठवावी म्हटले तर लोक हसतील. तिला उत्तर द्यावयाचे ते तशाच, किंवा किंचित मोठ्या, पेटीनेच. ज्याला ते परवडत नाही तो यादीतून निमूटपणे गळतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहात हॅन्सेल आणि ग्रेटेल ह्या भुकेल्या भावंडांना रानात खाऊचे घर सापडते ते चेटकिणीचे असते, मुलांना गिळण्यासाठी उभारलेले. पेटी पाठविणाऱ्यांना आम्ही त्या बाईच्या पंक्तीला बसवीत नाही. पण दिसायला देणे असते आणि आत घेण्याची ओढ असते, ही गोष्ट मुलांच्या कथेलाही ठाऊक होती. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये डिसेंबरात रोषणाई लखलखते तेव्हा ती कथा आठवल्याशिवाय राहत नाही.

ह्याचा अर्थ विकतचे सारे वाईट आणि घरचे तेवढे पवित्र, असाही घेऊ नये. घरचे म्हणजे कोणाचे? रात्री अकरापर्यंत न्युऱ्यांच्या कडा दुमडणारी आई किंवा सून, जी दुसऱ्या दिवशी चर्चगेटची लोकल पकडून कचेरीत जाणार आहे. तिच्या कंबरदुखीवर आपली परंपरा उभी करून तिचे गोडवे गाणे हे शोभत नाही. शिवाय घरून जिन्नस करून विकणाऱ्या कितीतरी बाया नाताळच्या महिनाभरात वर्षाचा मोठा खर्च भागवितात. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. त्या बायांना कोणी मदतीची ताटे पाठविली नव्हती. त्यांच्या हातच्या अन्नाचे मोल दिले जावे, एवढेच त्यांचे मागणे होते. गरजू शेजारणीला ताट पाठविण्यापेक्षा तिच्याकडून दोन किलो कुलकुल योग्य दराने, घासाघीस न करता विकत घेणे हे कित्येकदा अधिक ख्रिस्ती कृत्य ठरते. तिथे ती मिंधी नसते.

आणखी एक वाट कुलकुलाच्या परातीभोवती जुन्या काळापासून मोकळी आहे. काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर कणकेची गोळी दाबून गुंडाळावयाची, हे काम एकटीने करण्यासारखे नसतेच. दोन किलो मैद्याचे कुलकुल करावयाचे तर आठ-दहा हात लागतात. मग वाडीतली मुले येतात, शेजारणी येतात, मराठे-भंडारी कोणीही असोत. ज्याने हात लावला त्याला खाण्याचा हक्क. निघताना त्याच्या हाती पुडी दिली जाते ती दान म्हणून नव्हे. त्याने वळलेल्यापैकी काही त्याच्याकडे जाते, एवढेच. खोताची वाडी आज पाहा. एकेकाळी तिथे पासष्टच्या आसपास जुनी घरे होती, आता तीसही उरली नाहीत. पुष्कळ कुटुंबे वसई-मीरारोडच्या पुढे गेली. परातीभोवती हात कमी पडतात, तेव्हा हाक मारावयास कारण आहे. गरज आपली आहे असे सांगून ज्याला हाक मारली जाते तो घरात ताठ मानेने येतो.

आल्याच्या बिस्किटाचा नवा पाहुणा इथे उपयोगी पडतो, असे आमचे मत झाले आहे. त्याची कणीक आदल्या रात्री मळून थंड ठेवावी लागते, जाडसर लाटून साच्याने कापावी लागते, दहा-बारा मिनिटे भाजावी लागते. हे एकट्याने जमते. सजावट मात्र कुलकुलासारखीच अनेक हातांची. अंड्यातील पांढरे फेसून त्यात पिठीसाखर घोटावयाची, ती कागदाच्या शंकूत भरावयाची आणि बिस्किटावर रेघ ओढावयाची. मुले ह्या कामाला अर्ध्या हाकेला धावतात. त्यातून काही घरांत अशी पद्धत पडू लागली आहे की प्रत्येक बिस्किटावर घेणाऱ्याचे नाव लिहावयाचे. ही पद्धत आम्हांस फार आवडली, कारण तिने ताटाच्या यादीचे रूपच बदलते. ‘तिसऱ्या माळ्यावरचे बिऱ्हाड’ असे बिस्किटावर लिहिता येत नाही. एका माणसाचे एक नाव लागते.

मग मूल शंकू हातात धरून नावे विचारू लागते. आजीचे, मावशीचे, समोरच्या काकूंचे नाव चटकन सांगता येते. वॉचमनचे? त्याला सारे ‘भैया’ म्हणतात. रोज सकाळी वाडी झाडून कचरा नेणाऱ्या बाईचे? ती दहा वर्षे येते आहे. तिची मुलगी कितवीत आहे हेही ठाऊक आहे. नाव मात्र कोणालाच सांगता येत नाही. धोबीतलावच्या कुडीत अजून राहणाऱ्या, गावाकडे जाणे न जमलेल्या त्या म्हाताऱ्या तारवटीचे? त्याला फक्त हाताने नमस्कार केला जातो. साखर शंकूत सुकू लागते आणि मूल वाट पाहत असते. खाली जाऊन विचारावे लागणार, हे उघड आहे. विचारले की ती बाई कशाला म्हणून हसेल, आणि सांगितल्यावर बहुधा म्हणेल, मग मी काय आणू? त्या वेळी तिला ‘काही नको’ असे न म्हणता येईल तर बरे. ताट आणा, म्हणावे. आमचे ताट परत आणा, चिमूटभर साखर घालून.

मूल तोवर कामाला लागलेले असते. तीन इंची बिस्किटावर देवनागरीत जेमतेम तीन अक्षरे मावतात आणि जोडाक्षर आले की रेघ पसरते, तेव्हा ‘लक्ष्मी’ लिहावयाचे तर मोठा साचा घ्यावा लागेल. पातळ साखर चालणार नाही, अजून दोन चमचे पिठीसाखर घोटावी. सजविलेली बिस्किटे रात्रभर उघड्यावर वाळू द्यावीत आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत, कारण काकवीमुळे मुंबईच्या हवेत ती दोन दिवसांत मऊ पडतात. ताटे मात्र आधीच मोजून ठेवावीत. यंदा चार जास्त लागतील.